मोलगीची कुऱ्हाड ‘हत्यार’ कधी ठरते?

शस्त्र कायदा अवजार आणि हत्यार यांत फरक करतो. पंधरा दिवसांच्या मनाई आदेशात मात्र हा फरक उरत नाही. सातपुड्यातल्या माणसासाठी तो आदेशात लिहून घेणे का गरजेचे आहे, याचे विश्लेषण.

नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी परिसरात कुऱ्हाड, विळा आणि तीरकमठा या घरातल्या वस्तू आहेत. सरपणाला जाणाऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असतेच. होळीला जवळच्या काठी गावात राजवाडी होळी पेटते, तेव्हा डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू, भोपळे बांधून आलेल्या नाचणाऱ्यांच्या हातात पारंपरिक शस्त्रेही असतात. दुसरीकडे, राज्यातल्या शहरांत तलवारीने केक कापणारे आणि कोयता नाचवत दहशत माजवणारे पोलिसांची डोकेदुखी झाले आहेत. दोन्ही ठिकाणी पाते लोखंडाचेच आहे. मग कायदा या दोघांकडे कसा पाहतो?

कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ फक्त बंदुकीपुरता आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्या व्याख्येत धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारेही येतात. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्याच व्याख्येतून वगळल्या आहेत. लाठी आणि चालण्याची साधी काठी ही त्याची उदाहरणे कायद्यातच दिली आहेत.

शस्त्र नियमांच्या पाचव्या प्रवर्गात बंदूक सोडून इतर हत्यारांची यादी आहे. त्यात तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, लढाईचा परशू आणि चाकू येतात. पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेली अशाच प्रकारची इतर हत्यारेही येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. कुऱ्हाडीचे पाते २ इंचांहून रुंद असतेच, पण ती लाकूड तोडायला बनवलेली असल्याने हत्यार ठरत नाही. कायद्याने मोजपट्टी दिली आहे, पण तिच्याआधी वस्तूचा हेतू विचारला आहे.

तीरकमठ्याचे काय?

इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव स्पष्टपणे होते. त्याआधी अर्धशतक खानदेशातल्या भिल्लांना आवरण्यासाठी इंग्रजांनी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली होती, आणि १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकांच्या नेतृत्वाखाली सातपुड्यात उठाव झाला होता. डोंगरातला धनुष्यबाण सरकारला नको होता.

स्वतंत्र भारताच्या १९५९च्या व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव राहिले नाही. पाचव्या प्रवर्गाच्या यादीतही ते नाही. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण, चाकू, जाळे आणि फासा येतात, आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. मोलगीपासून गुजरातची हद्द जवळ आहे आणि पलीकडे शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. म्हणजे गावात चालणारा तीरकमठा अभयारण्याच्या हद्दीत गुन्हा ठरतो. शिकारीला बंदी असल्याने हा नियम समजण्यासारखा आहे, पण तो गावोगावी सांगितला गेला पाहिजे.

गुन्हा कधी, शिक्षा किती?

धारदार हत्यार बाळगल्याच्या बातमीत ‘कलम ४, २५’ हे आकडे हमखास असतात. कलम ४ आपोआप लागू होत नाही. एखाद्या भागात अमुक प्रकारच्या हत्याराला परवाना लागेल, अशी अधिसूचना सरकारने काढावी लागते. तिचा भंग झाल्यास कलम २५ खाली एक ते तीन वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. विनापरवाना बंदुकीच्या खटल्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. धारदार हत्याराच्या खटल्याला ती चाळणी नाही.

म्हणून अधिसूचनेचे शब्द महत्त्वाचे असतात. दिल्लीतल्या एका बटन-चाकूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये खटला रद्द केला. तिथली अधिसूचना विक्रीसाठी किंवा तशा हेतूने चाकू बाळगण्याबद्दल होती आणि आरोपीवर तसा आरोपच नव्हता. नुसता चाकू सापडणे पुरेसे नाही, हा त्याचा अर्थ.

खरी अडचण कुठे आहे?

अडचण शस्त्र कायद्यापेक्षा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) मध्ये जास्त आहे. सण, निवडणूक, मोर्चा आला की जिल्ह्याजिल्ह्यांत पंधरा दिवसांचा मनाई आदेश निघतो. ‘शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे, लाठ्या किंवा काठ्या’ ही त्यातली ओळ वाचकांच्या ओळखीची आहे. शिवाय शारीरिक इजा करता येईल अशी ‘इतर कोणतीही वस्तू’ जवळ नेण्यास मनाई असते. शेतीच्या अवजाराला कलम ३७ मध्ये सूट नाही. आदेश मोडल्यास कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि न्यायालयाने लेखी कारणे दिली नाहीत तर ती चार महिन्यांहून कमी नसते.

हा आदेश नंदुरबार शहरातल्या चौकासाठी ठीक आहे. तोच मजकूर जिल्हाभर लागू झाला की मोलगीच्या बाजारातून नवी कुऱ्हाड विकत घेऊन पाड्यावर निघालेला माणूस कागदावर गुन्हेगार ठरतो. काठीच्या होळीतला नाचणाराही ठरतो. पोलीस त्यांना पकडत नाहीत, हे खरे. पण ते पोलिसांच्या समजूतदारपणामुळे, कायद्यामुळे नव्हे. नवा अधिकारी आला, गावात भांडण झाले किंवा कुणी आंदोलनात पुढे दिसला, की तीच कुऱ्हाड पंचनाम्यात येऊ शकते. ज्याला आदेशाची मराठी भाषाच परकी आहे आणि वकील गाठायला घाट उतरून जावे लागते, त्याच्यासाठी चार महिने म्हणजे एक अख्खा शेतीहंगाम.

सूट दिली तर गैरवापर होणार नाही का?

ही शंका खरी आहे. कुऱ्हाडीने आणि तीरानेही माणसे मरतात. पण वापर झाल्यावरची शिक्षा वेगळी आणि कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ नुसार धारदार हत्याराने दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सूट वस्तू नेण्यापुरती असेल. ती उगारण्यासाठी नसेल.

अशा सवलती देशात नव्या नाहीत. शिखांच्या कृपाणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ नेच मान्यता दिली आहे. कर्नाटकातल्या कोडवा समाजाला तर बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. त्याचे पाते ९ इंचांहून कितीतरी लांब असते. परंपरेचा मान राखून सुव्यवस्था सांभाळता येते, हे सरकारला मान्य आहे. मग सातपुड्यालाच तो न्याय का नसावा?

काय करता येईल?

त्यासाठी नवा कायदा नको, आदेशातला एक परिच्छेद पुरे. राज्यातल्या अनेक मनाई आदेशांत वृद्ध आणि अपंगांच्या काठीला सूट लिहिलेली असते. तशीच सूट अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत शेती व सरपणाच्या अवजारांना, तसेच होळीतल्या पारंपरिक शस्त्रांना ठरलेल्या दिवसांसाठी आणि जागेसाठी देता येईल. हा पाचव्या अनुसूचीचा भाग आहे. रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. म्हणून सूट लिहिण्याआधी ग्रामसभांना विचारावे, आणि आदेश भिली व पावरी बोलींत बाजाराच्या दिवशी दवंडीने सांगावा.

तलवार, गुप्ती, बटन-चाकू यांना शेतात काही काम नाही, तिथे ढिलाई नको. कोयत्याची दहशत वाढल्यावर पुण्यात २०२३च्या सुरुवातीला खरेदीदाराचे आधार कार्ड पाहण्याच्या सूचना विक्रेत्यांना दिल्या गेल्या. तो शहराच्या दुखण्यावरचा शहरी उपाय होता. तोच मोलगीच्या लोहाराकडे नेला, तर विळा घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईची नोंद करावी लागेल आणि गुंड एकही सापडणार नाही.

पोलिसांना गुन्हेगार पकडायचा असेल, तर त्यांच्या आदेशाने आधी शेतकऱ्याला त्यातून वगळले पाहिजे. १९५९च्या कायद्याने ते केले आहे. पंधरा दिवसांच्या आदेशानेही तेवढेच करायचे आहे.