सेक्सी म्हणजे काय रे भाऊ?

नवा मोबाइल सेक्सी असतो. बाइकचा लुक सेक्सी असतो. एखादी बिझनेस आयडिया सेक्सी असते आणि जमून आली तर कँटीनमधली मिसळसुद्धा! या शब्दाकडून आपण इतका ओव्हरटाइम करून घेतलाय, की बिचाऱ्याचा मूळ जॉब काय होता तेच विसरायला झालंय.

मूळ इंग्रजीत तो शरीराच्या आकर्षणाशी जोडलेला. पुढे वस्तूंना आणि कल्पनांनाही चिकटला. जे बघून 'वॉव' निघतं, ते सेक्सी. आपल्याकडे मात्र तो बराच काळ दबक्या आवाजातच वावरला. १९९४च्या 'खुद्दार'मध्ये करिश्मा कपूरच्या गाण्यात हा शब्द होता. त्यावर इतका गहजब झाला, की त्याच्या जागी 'बेबी' घालावं लागलं.

मग आलं २०१२. राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा ममता शर्मा जयपूरच्या एका कार्यक्रमात म्हणाल्या, की कुणी सेक्सी म्हटलं तर मुलींनी वाईट वाटून घेऊ नये, त्याचा अर्थ सुंदर, आकर्षक असाच. झालं! महिला संघटना भडकल्या. भडकणारच ना. डिक्शनरीत अर्थ सापडतो, टोन नाही. ट्रायल रूमबाहेर मैत्रीण म्हणते तो 'सेक्सी' आणि स्टेशनच्या जिन्यावर मागून कानावर येतो तो 'सेक्सी', स्पेलिंग एकच, पण दुसरा ऐकल्यावर पावलं आपोआप भराभर पडायला लागतात.

आणि ऑफिसात? तिथे २०१३चा कायदा आहे. नकोशी लैंगिक शेरेबाजी हा छळच, आणि दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच. कायद्याचा सगळा भर 'नकोशी' या शब्दावर आहे. त्यामुळे 'अगं, मी तर कॉम्प्लिमेंट दिली' एवढ्यावर सुटका होत नाही. ती नकोशी होती की नाही, हे ऐकणारीला विचारायचं असतं.

गोंधळ वाटतोय? मग एक सोप्पी टेस्ट. हाच शब्द समोरची व्यक्ती तुम्हाला बिनधास्त उलट म्हणू शकेल का? मैत्रीण नक्की म्हणेल. पण जिचं अप्रेझल तुमच्या हातात आहे, ती ट्रेनी? ती फक्त कसनुसं हसेल. त्या हसण्याला होकार समजू नका.

ड्रेस खरंच छान दिसतोय? मग 'छान दिसतोय' म्हणा आणि कामाला लागा. सेक्सी राहू द्या त्या मिसळीसाठी!