लुसिया हॅरिस : गुणवत्ता होती, मैदानच नव्हते

"गुणवत्ता असेल तर कोणीही पुढे जातो" हे ऐकून आमच्या तीन पिढ्यांचे कान किटले आहेत. शिष्यवृत्तीचा विषय निघाला की हेच, आरक्षणाचा विषय निघाला की हेच. आता तर खेळाडूंचे दाखले देऊन सांगतात की मैदानात जात नसते, चेंडूला रंग कळत नाही. या गुणवत्तावाद्यांना आमचा एकच प्रश्न आहे : लुसिया हॅरिस तुम्हाला माहीत आहे काय?

10 फेब्रुवारी 1955 रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, मिंटर सिटी येथे तिचा जन्म झाला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे कृष्णवर्णीय, आणि अकरा भावंडांत ती दहावी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच लेफ्लोर काउंटीतल्या मनी गावातून एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्यांनी उचलून नेले आणि ठार केले. गोऱ्या ज्युरीने मारेकऱ्यांना निर्दोष सोडले. खैरलांजी पाहिलेल्या आम्हाला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

सहा फूट तीन इंच उंचीची ही मुलगी डेल्टा स्टेट या विद्यापीठात गेली. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ते फक्त गोऱ्यांचे होते. त्याचे दार कोणाच्या दयेने उघडले नाही. नागरी हक्कांच्या लढ्यातून 1964 चा कायदा आला. मग स्त्रियांच्या लढ्यातून 1972 चा 'टायटल नाईन' आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेदाची बंदी झाली. त्याच 1972 मध्ये मुंबईत आमच्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी केली. आधी लढा, मग कायदा, मग दार. गुणवत्ता दिसते ती दार उघडल्यानंतर!

आणि ती दिसलीच. 1975, 1976, 1977 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे आणि कॉलेज कारकीर्दीत 2,981 गुण. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे बास्केटबॉल 1936 साली आले, स्त्रियांचे यायला 1976 उजाडले. माँट्रियलच्या त्या पहिल्या सामन्यात जपानविरुद्ध पहिली बास्केट लुसियाने केली. अमेरिकेला रौप्यपदक मिळाले.

पुढे काय? पुढे काहीच नव्हते. पुरुषांसाठी 1946 पासून व्यावसायिक लीग होती, तिच्यासाठी नव्हती. 1977 मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघाने सातव्या फेरीत तिचे नाव पुकारले. तेव्हा ती गरोदर होती. तिने नकार दिला. "संधी दिली होती, तिनेच नाकारली," असे काहीजण आजही म्हणतात. आम्ही विचारतो, ही संधी होती की जाहिरात? पुरुषांच्या संघातली एक खुर्ची पुढे करायची आणि शेकडो स्त्रियांना पगार देणारी लीग मात्र उभारायची नाही, याला न्याय म्हणत नाहीत. एका कोपऱ्यात आमचा एक माणूस बसवून समतेची पावती फाडणाऱ्यांना आम्ही चांगले ओळखतो.

नंतर स्त्रियांची एक लीग निघाली. लुसिया ह्यूस्टनकडून थोडा काळ खेळली. 1981 मध्ये ती लीगही बंद पडली. मानसिक आजाराशी झुंजत तिने शिक्षिका व प्रशिक्षक म्हणून संसार ओढला. आजची डब्ल्यूएनबीए 1997 मध्ये मैदानात उतरली तेव्हा लुसिया 42 वर्षांची होती. जानेवारी 2022 मध्ये ती गेली. तिच्यावरच्या लघुपटाला मार्चमध्ये ऑस्कर मिळाले. जिवंतपणी मैदान नाही, मेल्यावर टाळ्या!

लीग आल्यावर तरी प्रश्न सुटला काय? ब्रिटनी ग्राइनर ही तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेली कृष्णवर्णीय खेळाडू. मायदेशापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात म्हणून ती मोकळ्या हंगामात रशियात खेळायची. फेब्रुवारी 2022 मध्ये सामानात गांजाचे तेल सापडल्याच्या आरोपावरून तिला तिथे अटक झाली, सुटका झाली डिसेंबरात. आरोपाची चर्चा जगभर झाली. जगज्जेत्या देशाच्या खेळाडूला पोटासाठी परदेशी का जावे लागते, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आणि आमच्याकडे? 2021 मध्ये टोकियोत भारतीय महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या. मैदानात जात नसते म्हणणारे तेव्हा कुठे होते?

म्हणून मित्रांनो, पदक आल्यावर फ्लेक्स लावणे ही आपली चळवळ नव्हे. आपल्या तालुका क्रीडा संकुलात जा. मुलींसाठी प्रशिक्षक आहे काय, कपडे बदलायला खोली आणि वापरता येईल असे शौचालय आहे काय, वस्तीतल्या किती मुली तिथे पोहोचतात, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर अपील करा, मोर्चा काढा. लुसिया आपल्याही वस्तीत आहे. सत्कार नंतर करू, आधी तिला मैदान मिळवून देऊ.

जय भीम!