ऐकलं तेवढंच लिहायचं!



स्पर्धा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मैदान, पंच आणि शिट्टी येते. आज ज्या स्पर्धेबद्दल सांगणार आहे तिथे खेळाडू आपल्याच घरात बसतो आणि पंच शेजारी नसतो. ही स्पर्धा आहे हौशी रेडिओची, म्हणजेच हॅम रेडिओची.

माझे मामा परवानाधारक हॅम आहेत. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही आवाजावरची जागतिक स्पर्धा असते. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. जगभरातल्या जास्तीत जास्त हॅमशी संपर्क करायचा असतो. प्रत्येक संपर्कात एकमेकांचं कॉल साइन, आवाजाचा दर्जा आणि आपल्या विभागाचा क्रमांक सांगायचा. भारताच्या मुख्य भूमीचा क्रमांक २२. हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, उतरवायचं. स्पर्धा संपली की सगळ्यांचे लॉग संगणकावर एकमेकांशी ताडून पाहतात. कॉल साइन चुकलं तर तो संपर्क बाद होतो आणि वर दंडाचे गुणही कापतात.

एका वर्षी मी मामांजवळ बसले होते. सुरुवातीला ते बराच वेळ गप्पच. मी विचारलं, "बोलत का नाही?" म्हणाले, "आधी ऐकायचं. इथे कुणी बोलत असेल तर?" मग त्यांनी दोनदा विचारलं, "ही फ्रिक्वेन्सी कुणी वापरत आहे का?" उत्तर आलं नाही, तेव्हाच हाक दिली. एकाच वेळी दहा जण उत्तर देऊ लागले. मामांना एकाच्या कॉल साइनची दोनच अक्षरं कळली. त्यांनी तीच उच्चारली. आता ती अक्षरं ज्याची, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी थांबायचं, असा संकेत आहे. पण दोघे-तिघे आपलंच ओरडत राहिले आणि सगळ्यांचाच वेळ गेला. मला आपला वर्ग आठवला. प्रश्न एका मुलाला विचारला तरी "बाई मी, बाई मी" सुरूच!

थोड्या वेळाने एक क्षीण आवाज आला. शेवटचं अक्षर काही केल्या कळेना. संगणक मात्र पडद्यावर संभाव्य पूर्ण कॉल साइन दाखवत होता. मामांनी तीनदा विचारलं, तोवर आवाज विरून गेला. त्यांनी ती नोंद पुसून टाकली. मी म्हटलं, "उत्तर तर समोर होतं!" ते म्हणाले, "समोर होतं गं, पण मी ऐकलं कुठे?"

बघा, हे तर आपलं श्रुतलेखन झालं! कानांनी ऐकलेलं लिहिणं वेगळं आणि शेजारच्याच्या पाटीत डोकावून लिहिणं वेगळं. अक्षर दोन्हीकडे तेच असेल, पण शिकणं एकाच ठिकाणी झालं.

मामांचं ते वाक्य मला टोचलं, त्याला कारण आहे. केंद्रस्तरावरच्या एका प्रश्नमंजूषेत माझा विद्यार्थी अडखळला होता आणि मी लांबून ओठांनी उत्तर सुचवलं होतं. आम्हाला बक्षीस मिळालं. परत येताना मुलाने विचारलं, "बाई, हे माझं आहे का?" मला उत्तर देता आलं नाही.

काही जण म्हणतील, स्पर्धेत थोडंफार चालतंच. या स्पर्धेतही एक गंमत आहे. आवाज कितीही क्षीण असो, सगळे एकमेकांना दर्जा '५९' असाच सांगतात. म्हणजे पैकीच्या पैकी! ती सर्वांनी मान्य केलेली औपचारिकता आहे, त्यात कुणाची फसवणूक नाही. पण कॉल साइन अंदाजाने लिहिणं, परवानगीपेक्षा जास्त शक्ती वापरून कमी शक्तीच्या गटात नाव घालणं, दुसऱ्याच्या चालू संभाषणावर हाक देणं हे मला अजिबात मान्य नाही. आकाश सगळ्यांचं आहे.

आणि या सवयी फक्त गुणांपुरत्या नसतात. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगभरच्या हॅमशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. मग त्याच रेडिओवरून मदतीचे आणि लोकांच्या खुशालीचे निरोप जाऊ लागले. अशा वेळी एखादं नाव अंदाजाने लिहिलं तर काय होईल, विचार करा. तिथे "पुन्हा सांगा" म्हणण्याची सवय आणि इतरांनी गप्प राहण्याची शिस्तच उपयोगी पडते. ती संकटाच्या दिवशी शिकता येत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. शिक्षकांनो, श्रुतलेखनात "बाई, ऐकू आलं नाही" म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका. तो प्रामाणिक आहे. पालकांनो, त्याची रिकामी जागा तुम्ही भरू नका. आणि ओठ हलवण्याचा मोह झाला तर माझी गोष्ट आठवा.

तुमच्या वर्गातला अनुभव नक्की कळवा.