नकाशे कपाटात, गाव पाण्यात

महाराष्ट्रातल्या नद्यांच्या काठाने दोन रेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जिथवर चढते ती निळी पूररेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात ते अटींवरच, असा नियम आहे. तरीही कोल्हापूर-सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी घराघरांत शिरले आणि जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर एकतानगरीतल्या रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. प्रत्येक वेळी पावसाचे आकडे मोजले गेले, धरणांच्या विसर्गावरून वाद झाले. नकाशाबद्दल मात्र फार कोणी विचारले नाही.

विचारायला हवे होते. पूररेषा आखते जलसंपदा खाते. ती विकास आराखड्यावर चढवायची असते महापालिकेने किंवा नगररचना विभागाने. ज्या जमिनीवरून ती जाते त्या जमिनीचे अभिलेख असतात भूमि अभिलेख खात्याकडे. जलसंपदाचा नकाशा नदीचे आडवे छेद आणि तलांक यांच्या भाषेत बोलतो, नगररचनेचा आरक्षणांच्या आणि रस्त्यांच्या, भूमि अभिलेखाचा सर्व्हे आणि गट नंबरांच्या. हे तीन नकाशे एकमेकांवर ठेवले की रेषा सरकतात, आणि काही मीटरांच्या त्या सरकण्यात अख्खी इमारत पूररेषेच्या आत किंवा बाहेर जाते. सामान्य माणसाच्या हाती येते ती फार तर स्कॅन केलेली पीडीएफ. कर्ज काढून नदीकाठी सदनिका घेणाऱ्या कुटुंबाला आपला सर्व्हे नंबर टाकून ‘ही इमारत निळ्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे’ एवढे एकच उत्तर हवे असते. ते उत्तर देण्यासाठी लागणारी सगळी माहिती सरकारकडे आहे, तिच्यासाठी पैसाही जनतेचाच खर्च झाला आहे. तरीही ते उत्तर मिळवायला वकील, ओळखीचा अभियंता किंवा माहिती अधिकाराचा अर्ज लागतो.

डोंगरातली स्थिती याहून गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. २२ जुलै २०२१ ला महाडमधले तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, हे सरकारने विधिमंडळातच सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने माळीणच्याच साली दरडींच्या संभाव्यतेचे देशव्यापी नकाशांकन हाती घेतले होते. पण ते नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. दहा मीटर लांबीचे घर त्यावर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे. कोणता डोंगर धोक्याचा हे अशा नकाशातून कळते, त्या डोंगरावरची कोणती वाडी धोक्याची हे कळत नाही. जिल्हा प्रशासनाची यादी मुख्यतः गावांची, आणि ठाकर-कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या-पाडे महसुली दप्तरात स्वतंत्र गाव म्हणून नोंदलेलेच नसतात. एका खात्याचा नकाशा डोंगर दाखवतो, दुसऱ्या खात्याची यादी गाव मोजते, आणि वाडी या दोन्हींच्या मधल्या फटीतून निसटते. ती फट बुजवायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. भूवैज्ञानिकांचा नकाशा, उपग्रहाने टिपलेली घरे आणि तलाठ्याला तोंडपाठ असलेली वाड्यांची नावे एकाच पडद्यावर आणणारा आदेश लागतो.

हा आदेश का निघत नाही हे समजून घ्यायचे तर नकाशांभोवतीच्या गुप्ततेचा इतिहास पाहावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली स्थापन झाला. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलेले महा त्रिकोणमितीय सर्वेक्षण दख्खन चढून वर येत असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर आजही तिथे आहे. जगाने आदराने पाहावे असे ते काम होते. पण त्यामागच्या सत्तेला नकाशा हवा होता तो फौजा हलवायला आणि मुलूख ताब्यात ठेवायला. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात शेतजमिनीची जी मोजणी केली, ती सारा बसवण्यासाठी. ज्याच्या जमिनीचा नकाशा, त्यानेच तो बघावा ही कल्पना त्या व्यवस्थेत बसणारीच नव्हती. दुर्दैव असे की स्वातंत्र्यानंतरही ती वृत्ती टिकली. सीमेलगतचे आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे कित्येक दशके प्रतिबंधित होते. कोकणातल्या अभ्यासकाला स्वतःच्या तालुक्याचा नकाशा मागताना परवानग्यांचे कागद गोळा करावे लागत, आणि त्याच काळात परदेशी उपग्रहांनी तोच तालुका टिपून जगभर दाखवायला सुरुवात केली होती.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि नागरिकांसाठी दुसरी अशा दोन मालिका वेगळ्या केल्या, तेव्हा पहिले दार किलकिले झाले. २०१६ मध्ये ते पुन्हा लोटण्याचा प्रयत्न झाला: चुकीच्या नकाशासाठी शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवणारा विधेयकाचा मसुदा केंद्राने आणला. सुदैवाने त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वे काढून भारतीय संस्थांसाठी नकाशे करण्यावरची पूर्वपरवानगीची अट उठवली आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती सहज उपलब्ध असावी हे तत्त्व मान्य केले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. ही पावले योग्य दिशेची आहेत आणि त्यांचे श्रेय केंद्राला दिले पाहिजे. पण पूररेषा, गटांचे नकाशे, विकास आराखडे, वाड्यांच्या याद्या हे सारे राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ताब्यात असते. दिल्लीच्या धोरणाने मंत्रालयातले कपाट उघडत नाही.

माहितीची देवाणघेवाण अशक्य आहे असे तर कोणी म्हणूच नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या गतिशक्ती आराखड्यात रेल्वे, महामार्ग, वीज, वायुवाहिन्या, वने अशा खात्यांचे शेकडो स्तर एका मंचावर आले. मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आहे. रस्ता खणण्याआधी खाली कोणाची केबल, कोणाची वाहिनी आहे हे विचारण्याची ती सोय. खुद्द महाराष्ट्राने गावठाणांच्या मोजणीत देशाला वाट दाखवली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने झालेल्या मोजणीनंतर असे काम एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेच्या रूपाने देशभर पोहोचले. साखळीने मोजणाऱ्या भूकरमापकाच्या हाती आज उपग्रहाशी जोडलेला रोव्हर आहे. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे. माणसे आहेत, यंत्रे आहेत, माहितीही आहे. अडते ते खात्यांच्या सीमेवर, आणि त्याहून अधिक सरकार व नागरिक यांच्यामधल्या सीमेवर.

ही दुसरी सीमा किती महाग पडते हे पश्चिम घाटाने दाखवले आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घाटाचे चौकटी पाडून विश्लेषण केले, कोणती चौकट किती संवेदनशील याचा नकाशा केला आणि क्षेत्रे अंतिम करताना ग्रामसभांशी बोला असे सुचवले. अहवाल २०११ मध्ये सादर झाला आणि दडवला गेला. माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. मधल्या काळात सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गावांत नकाशा पोहोचला नाही, अफवा पोहोचल्या: शेती बंद होणार, घराला कौल घालता येणार नाही, गावे उठवणार. गावकऱ्याला आपली चौकट कोणत्या आधारावर रंगवली आहे हे पाहता आले असते, तर त्याने कदाचित विरोधच केला असता. पण तो विरोध बांध, देवराई आणि पाण्याच्या झऱ्यावर बोट ठेवून झाला असता, आणि नकाशा त्यामुळे अधिक अचूक झाला असता. पुढे कस्तुरीरंगन समितीने अख्खे गाव हे एकक धरले आणि वाद गावांच्या याद्यांवर येऊन थांबला. आजही तो तिथेच आहे. नकाशा लपवल्याने घाट वाचला नाही, विश्वास मात्र गेला. गोव्यातल्या किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या वेळीही हेच घडले: चेन्नईच्या संस्थेने तयार केलेल्या मसुद्यात खाजणे आणि वाळूच्या टेकड्या नीट दाखवलेल्या नाहीत, हे स्थानिकांना ओरडून सांगावे लागले.

माहिती खुली करण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. सुरक्षेचा आक्षेप खरा आहे. लष्करी तळ, दारूगोळ्याची कोठारे, काही मोक्याच्या संस्था नकाशावर नकोत. त्यांची यादी करा आणि ती वगळा. पूररेषा आणि दरडीचे उतार त्या यादीत येत नाहीत. दुसरा आक्षेप सट्ट्याचा: रस्त्याची किंवा विमानतळाची रेषा आधी कळली तर जमिनीचे दलाल धावतील. आमच्या मते वस्तुस्थिती उलटी आहे. दलालांना ती रेषा आधीच कळलेली असते, कारण ज्याची ओळख त्याला कपाट उघडे. शेतकऱ्याला ती कळते आपला गट नंबर अधिसूचनेत छापून आल्यावर. गुप्ततेने सट्टा थांबत नाही, तो काही जणांपुरता राखीव होतो. शक्तिपीठ महामार्गावरून जो संताप उसळला त्यात जमीन जाण्याचे दुःख होतेच, शिवाय आपल्याला न विचारता कोणीतरी आपल्या शिवारावरून रेघ ओढली हा अपमानही होता.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे बोलत नाही, पण तोच सर्वांत प्रबळ आहे: चुका उघड्या पडण्याची भीती. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची मोजणी, फाटलेली टिपणे, एकत्रीकरणात झालेले घोळ, संगणकीकरणात सरकलेल्या हद्दी हे सगळे खुले केले तर तक्रारींचा आणि दाव्यांचा पूर येईल असे अधिकाऱ्यांना वाटते. ही भीती समजण्याजोगी आहे. खालच्या कर्मचाऱ्यालाच शेवटी जबाबदार धरले जाते हेही खरे. पण चूक कपाटात ठेवल्याने बरी होत नाही; ती खरेदीखतात उतरते, बांधकाम परवान्यात उतरते आणि न्यायालयात तीन पिढ्या चालते. म्हणून नकाशासोबत त्याचे प्रमाण, मोजणीची तारीख आणि ज्ञात त्रुटी छापल्या पाहिजेत, चूक दाखवणाऱ्या नागरिकाला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळाले पाहिजे आणि प्रामाणिक चूक दुरुस्त करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे.

मोफत दिल्याने माहितीचे मोल कमी होते हा समजही अनुभवाने खोटा ठरला आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा विकल्या जात तेव्हा सर्वाधिक खपाच्या वर्षी सुमारे २५ हजार प्रतिमा गेल्या. २००८ मध्ये त्या मोफत झाल्या आणि वर्षभरात दहा लाखांहून अधिक उतरवून घेतल्या गेल्या. शेती, जंगल, पाणी यांवरचे किती संशोधन त्यातून उभे राहिले! आपल्या नव्या अंतराळ धोरणानेही पाच मीटर आणि त्याहून ढोबळ प्रतिमा मोफत देण्याचे ठरवले आहे. राज्याच्या माहितीला हाच न्याय लागू व्हायला हवा.

राज्य सरकारने येत्या पावसाळ्याआधी एक शासन निर्णय काढावा. राज्यातली प्रत्येक अधिसूचित पूररेषा सर्व्हे आणि गट नंबरांवर बसवून, इतर नकाशांवर ठेवता येईल अशा रूपात खुली करावी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, पुणे, ठाणे आणि नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत दरडींचे नकाशे वाडी-पाड्यापर्यंत नेऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत. प्रकल्पाची रेषा अभ्यासाच्या टप्प्यावरच ग्रामसभेपुढे ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम २००५ पासून सांगते की अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. आणि तोवर वाचकांनी थांबू नये. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, आपल्या गावच्या ग्रामसभेत ठराव करा: आमच्या नदीची पूररेषा आणि आमच्या डोंगराचा नकाशा आम्हाला द्या. तो ठराव लेखी नोंदवा आणि तहसीलदाराकडून त्याची पोच घ्या.