सगळ्याला चालणारी क्लिप

गरवून घरी येणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. काय लागलं, आणि किती किलोचं? तंगूस आणि लुअर यांच्या मध्ये काय होतं, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. मध्ये असते ती एक तारेची क्लिप, करंगळीच्या नखाएवढी. खोटा मासा पटकन काढावा, दुसरा लावावा, एवढंच तिचं काम. या नखाएवढ्या वस्तूवर मी चार वर्षं भांडतो आहे, आणि ज्यांच्याशी भांडतो ते मला विक्षिप्त म्हातारा समजतात. समजोत.

आमचं घर कालावलच्या खाडीकाठी. एका अंगाला मसुऱ्याचा भरतगड, पलीकडच्या तीरावर भगवंतगड, मधून गड नदीचं पाणी तळाशीलकडे समुद्राला जातं. या खाडीत तांबोशी आहे, गोबरा आहे, आणि चोणक आहे. रायगडातले लोक त्याला जिताडा म्हणतात. लहानपणी आम्ही जिवंत सुंगट लावून गरवत होतो. गरीला गाठ मारायची, वर शिसं, संपलं. लुअर नावाची चीज आमच्याकडे आली ती मुंबईच्या मुलांबरोबर. हे प्लास्टिकचे मासे चारशे-पाचशे रुपयांना एक, पोटाखाली तीन काट्यांच्या दोन गऱ्या. ते आले आणि त्यांच्या मागोमाग क्लिपा आल्या.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा भाचा डोंबिवलीहून आला. रॉड नवा, रीळ नवं, लुअरचा डबा शाळेच्या दप्तराएवढा. क्लिपा मात्र विसरला. मी तालुक्याच्या गावी गेलो आणि एका दुकानातून वीस क्लिपांचं पाकीट साठ रुपयांना आणलं. दुकानदाराला विचारलं, चोणकाला चालेल ना? तो म्हणाला, "सगळ्याक चालता." मी मास्तर माणूस. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की उत्तर सगळ्या प्रश्नांना एकच यायला लागलं की ते उत्तर तपासा. त्या दिवशी तपासलं नाही.

संध्याकाळची भरती, उधाणाची. खारफुटीच्या टोकाला जिथे पाणी वळसा घेतं तिथे भाच्याने लुअर टाकला आणि तिसऱ्या फेकीला चोणक लागला. पाण्याबाहेर अर्धा आला, डोकं झटकलं, तेव्हा आम्ही दोघांनी बघितला. आठ-नऊ किलोला मरण नव्हतं. दोनदा उडी मारली. तिसऱ्यांदा डोकं झटकलं आणि धागा सैल झाला. गुंडाळून घेतलं तर टोकाला क्लिप होती, पण ती आता क्लिप नव्हती. दाभणासारखी सरळ तार होती. भाचा म्हणाला, "जाऊ दे मामा, पाचशेचा लुअर गेला." मीही तेवढंच समजलो.

चौथ्या दिवशी सुकतीला खुबे काढायला गेलेली आमच्या वाडीतली एक बाई ओटीसमोर येऊन उभी राहिली. हातात पदराच्या टोकाने धरलेला चोणक. "ओ मास्तर, ह्या तुमचाच काय ता बघा." चिखलात उथळ पाण्यात पडला होता, म्हणाली, धड पोहत नव्हता, धड मरत नव्हता. पुढची गरी वरच्या ओठात, मागची खालच्या जबड्यात, आणि मधे तो हिरवा प्लास्टिकचा मासा. तोंड शिवून टाकल्यासारखं. चार दिवस त्याला तोंड उघडता आलं नव्हतं. त्या बाईच्याही अंगठ्यात एक काटा शिरला होता. तो मी पक्कडीने काढला, आणि तिने मला एक शब्द वावगा बोलला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मासा कापला. पोटात अन्नाचा कण नव्हता, गाबोळी होती. चोणक लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हे खाडीवरच्या लोकांना पुस्तकाशिवाय माहीत आहे, कारण मोठ्या चोणकात गाबोळीच निघते. म्हणजे जितका मोठा मासा आपण निष्काळजीपणे घालवतो तितकी ती मादी असण्याची शक्यता जास्त. ती पावसाळ्याच्या तोंडाला खाऱ्या पाण्याकडे उतरली असती. साठ रुपयांच्या पाकिटातल्या तीन रुपयांच्या तारेने ते थांबवलं. आणि ती तार मी आणली होती.

आता ती तार कसली होती ते सांगतो, कारण तीच आजही दुकानात सर्वांत पुढे टांगलेली असते. झबल्याला लावतात त्या सेफ्टी पिनेसारखी. तारेचं एक टोक पत्र्याच्या चिमट्यात अडकवायचं. ओढ सरळ असली तर ठीक चालते. पण मासा सरळ ओढत नाही. तो डोकं झटकतो, उलटा फिरतो, खारफुटीच्या मुळाला वळसा घालतो. त्या आडव्या पिळात पत्रा फाकतो आणि तारेचं टोक सुटतं. एकदा टोक सुटलं की बाकीची तार सरळ व्हायला दोन सेकंद पुरतात. बांगड्याला, छोट्या तांबोशीला ही क्लिप वापरा, माझी हरकत नाही. चोणकाला वापरणाऱ्याशी मात्र माझं भांडण आहे, आणि "सगळ्याला चालते" म्हणून विकणाऱ्याशी दुप्पट आहे. पाकिटावर पौंडांत आकडा असतो, तो सरळ ओढीचा. खाडीतल्या माशाने ते पाकीट वाचलेलं नसतं.

मग घ्यायची कोणती? एकाच तारेची, जिचं टोक पत्र्यात नाही तर त्याच तारेवर वळून अडकतं, आणि जिचं पोट गोल आहे. पोट गोल हवं याला कारण आहे. लुअरचं नाक त्या गोलाईत मोकळं हलतं, मग तो डोलतो. पोट निमुळतं असलं की नाक कोपऱ्यात अडकतं आणि मासा लाकडासारखा सरळ येतो. दार नसलेली, नुसत्या वेटोळ्याचीही एक क्लिप मिळते. किल्लीच्या कडीत किल्ली सरकवावी तसा लुअर तिच्यात सरकवायचा. उघडायला दारच नाही म्हणून मला ती आवडते, पण जाड नाकाच्या लुअरला ती नखं तोडायला लावते. नंबरावर जाऊ नका. एका कंपनीचा २ नंबर दुसरीच्या ३ नंबराएवढा असतो. तार हातात घेऊन बघा.

आणि कृपा करून प्रत्येक क्लिपेला ते फिरणारं कडं, स्विव्हल, लावू नका. गोल फिरणारा चमचा किंवा स्पिनर असेल तर ते हवंच, नाहीतर धाग्याला पीळ बसून रीळाचा गुंता होतो. पण डोलणारा मासा गोल फिरत नाही. त्याच्या नाकावर धातूचं वजन टांगलं की तरंगणारा नाक खाली घालतो आणि पाण्यात अधांतरी थांबणारा बुडतो. पाचशे रुपये ज्या डोलण्यासाठी दिले तेच तुम्ही पाच रुपयांच्या कड्याने मारता. आमच्या खाडीवर रविवारी येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या धाग्याला हे कडं असतं. विचारलं तर सांगतात, सेट तसाच मिळतो.

आता दुसऱ्या बाजूशी भांडतो, आणि ही बाजू घरातलीच आहे. आमचे थोरले काका. वय ७८. त्यांचं म्हणणं, क्लिपच नको. त्या चोणकाची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "गाठ सुटली तर दोष माझो. ह्या लोखांड सुटला तर दोष कोणाचो?"

या वाक्यावर मी बरीच रात्र घालवली. त्यात तथ्य आहे. गाठ माणसाने स्वतः मारलेली असते, थुंकी लावून ओढलेली असते, ती कशी बसली ते बोटाला कळतं. काका पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा मासा स्वतः तासायचे आणि त्याला सैल फासाची गाठ मारायचे, म्हणजे तो मोकळा डोलावा. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडातून पहिला खोटा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्हा वितळवून लेप दिला, ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग गाठ कसली मारी तो?" त्याच्या नावाची फासाची गाठ आजही शिकवली जाते, हे सांगितल्यावर फार खूष झाले.

पण काका, तुमचा मुद्दा अर्धाच खरा. एक, दरवेळी लुअर बदलताना चार-सहा बोटं लीडर कापला जातो. चोणकाच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं धारदार, म्हणून जाड लीडर लावायचा, आणि संध्याकाळभर कापून कापून तो वीतभर उरला की कल्ला थेट बारीक धाग्यावर येतो. दोन, घाईत, ओल्या हाताने, डासांत मारलेली गाठ ही गाठ नसते. आणि तिसरा मुद्दा मी त्यांच्या तोंडावर चार वर्षांत बोललो नव्हतो. त्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही. मोतीबिंदू एका डोळ्याचा काढला, दुसऱ्याचा राहिला, आणि हात कापतो. दिवेलागणीला त्यांचा धागा लुअरच्या नाकात जात नव्हता. मग ते म्हणायचे, आज भांगाचं पाणी आहे, काही लागायचं नाही, चला. उधाण असलं तरी म्हणायचे. त्या माणसाने गरवणं सोडायचं की लोखंड घ्यायचं, असा तो प्रश्न होता. "क्लिप म्हणजे आळशाचं काम" असं टाळ्या घेत सांगणाऱ्या तरण्याबांड लोकांनी आपल्या साठीनंतरच्या डोळ्यांचा विचार करावा.

मी त्यांच्या एका रॉडला घरीच, उजेडात, गाठ मारून गोल पोटाची क्लिप लावून दिली. महिनाभर तो रॉड खुंटीवरच राहिला. मग एक दिवस खुंटी रिकामी दिसली. मी काही बोललो नाही, तेही नाहीत.

क्लिपेचा एक रोग मात्र मला मान्य करावा लागतो. बदलणं सोपं झालं की माणूस बदलतच बसतो. हिरवा टाकला, दोन फेकी, निळा. निळा टाकला, दोन फेकी, चंदेरी. पाणी अजून चढायचं आहे, बोये खारफुटीत शिरायचे आहेत, चोणक यायचाच आहे, आणि हा डब्यात रंग शोधतो आहे. गाठ मारायची असती तर निदान त्या कंटाळ्याने पाणी बघितलं असतं. भाच्याला मी नियम घातला: एका वळणावर एका भरतीत दोनच लुअर, एक वरच्या पाण्याचा, एक खालचा. तो पाळत नाही. पण मोजतो तरी.

आणि काट्याचा काटेरी खोच, ज्याने गरी निघत नाही, तो पक्कडीने दाबून सपाट करा. धागा कधीतरी तुटणारच, खडक आहेत, कालवं आहेत, मला ते कळतं. क्लिप कितीही चांगली घेतली तरी एखादा मासा लुअर घेऊन जाणारच. खोच सपाट असला तर त्याला ती गरी झटकून टाकायची संधी राहते. याने काही मासे आपल्याही हातून सुटतात. सुटू देत.

क्लिप जन्मभर वापरायची वस्तू नाही, हेही सांगायला हवं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की वाकल्या जागी ती ठिसूळ होते. लोखंडी तार मोडायला आपण हेच करतो की नाही? खारं पाणी आत बसलं की गंज वेगळाच. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि दार सैल लागायला लागलं की टाकून द्या. खाडीत नाही, डब्यात.

तपासायची रीत फुकट आहे. वीस लिटरची बादली पाण्याने भरली की वीस किलो झालं, म्हणजे चव्वेचाळीस पौंड. फांदीला जाड दोरी, दोरीला क्लिप, क्लिपेत बादली. आधी स्थिर धरा, मग हाताने थोडी आडवी हलवा, कारण मासा आडवाच हलतो. नव्या पाकिटातल्या दोन क्लिपा यात वाया गेल्या तर जाऊ द्या. खाली पाय ठेवू नका.

यंदाच्या मेमध्ये भाचा आला तेव्हा त्याने तीन पाकिटं आणली होती, तिन्ही वेगळी. पडवीसमोरच्या आंब्याला आम्ही बादली टांगली. काका ओटीवर बसून मोजत होते. पत्र्याच्या चिमट्याची पहिली क्लिप बादली स्थिर असेपर्यंत टिकली, भाच्याने बोटाने ढकलताच सुटली आणि सगळं पाणी अंगणात. दुसरी तशीच. काकांच्या पायापर्यंत ओघळ आला, त्यांनी पाय वर घेतले. गोल पोटाची लावली. भाच्याने ढकलली, मग जोरात ढकलली, बादली झोपाळ्यासारखी फिरली, पाणी हिंदकळलं, क्लिप तशीच.

"रे," काका म्हणाले, "ह्या पाकिटातली दोन माका दी. आणि गाठ तूच मारून दी, पण माझ्यासमोर मार."