सोळा तासांचं थोतांड

मंडळी, एक वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. "लांब कुठे आहे हो, सोळा तासांचा तर प्रवास!" अमेरिकेतली मुलं हे आईवडिलांना सांगतात आणि आईवडील शेजाऱ्यांना.

कुठून आले हे सोळा तास? मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. एअर इंडियाने ऑगस्ट २००७ मध्ये थेट विमान सुरू केलं. जाताना वारा समोरून, म्हणून १६ तासांच्या आसपास. येताना तोच पाठीशी, म्हणून तास-दीड तास कमी. तिकिटावर तर आणखी गंमत! रात्री दीडला निघालेला माणूस सकाळी आठला तिकडे. साडेसहा तासांत अमेरिका!! (उन्हाळ्यात घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक असतो, इतकंच.)

आकडा खोटा नाही. पण तो विमानाचा आहे, माणसाचा नाही.

माणसाचा हिशोब करू. वडील साताऱ्यात, मुलगा न्यू जर्सीत. रात्री फोन जातो. विमानतळ गाठायला एक तास, तीन तास आधी हजेरी, विमानात साडेचौदा, मुंबईत शिक्का आणि सामान दीड तास, पुढे अडीचशे किलोमीटर रस्ता, म्हणजे साडेपाच तास. झाले साडेपंचवीस. तेही पुढच्याच विमानात जागा मिळाली तर. आजचं विमान नुकतंच सुटलं असेल तर आणखी एक दिवस मिळवा. व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर आधी "परत येता येईल का" हा विचार. तो किती तासांचा, कोण सांगणार?

शिवाय आकाशही आपल्या मालकीचं नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावं लागलं. नकाशावरचं अंतर तेच, प्रवास मात्र लांबला.

कोणी म्हणेल, आमच्या आजोबांच्या काळी बोटीने आठवडे लागायचे. खरंय. पण तेव्हा "आलोच" असं कोणी म्हणत नव्हतं. जाणारा गेला हे घराला ठाऊक असायचं आणि घर त्या हिशोबाने उभं राहायचं. आता सोळा तासांच्या भरवशावर कोणी काही ठरवतच नाही. दवाखान्यात सही कोणाची, पैसे कुठल्या खात्यातून, रात्री सोबत कोण... सगळं गृहीत धरलेलं असतं गावात राहिलेल्या भावावर किंवा बहिणीवर. दहा मिनिटांच्या अंतरावर असण्याची किंमत तेच मोजतात. आणि व्हिडिओ कॉलवर सल्ले मात्र १२,५०० किलोमीटरवरून!

जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, नाव काढा. पण आईला खरा आकडा सांगा, "दोन दिवस धर." आणि त्या दोन दिवसांची सोय, इथल्या भावंडाला विचारून, आत्ताच करून ठेवा.

आमच्याकडचे तिकडचे लोकही हे वाचतात, ठाऊक आहे. रागावलात तरी चालेल. फोन करा, भांडू. पण आधी हिशोब मांडा.