वस्तरा खाली ठेवा

इंदूरच्या टोरी कॉर्नरवर पोहे खाताना शेजारच्या काकांनी मोबाइलवर आलेलं एक छायाचित्र माझ्यापुढे धरलं. 16 ऑगस्ट 1944, फ्रान्समधलं शार्त्र शहर. जर्मन फौज हटली आहे आणि भर रस्त्यातून एका तरुणीची धिंड निघाली आहे. डोकं पार भादरलेलं. कुशीत जर्मन सैनिकापासून झालेलं तान्हं मूल. ती फक्त त्या मुलाकडे बघते आहे. भोवतीचा जमाव हसतो आहे, आणि हसणाऱ्यांत बायकाही आहेत. ‘‘बरोबरच केलं,’’ काका म्हणाले. ‘‘देश शत्रूच्या टाचेखाली आणि हिला शत्रूचा शिपाई आवडतो!’’

काकांचं म्हणणं आमच्या मल्हारगंजात अनेकांना मनापासून पटेल. म्हणून ते आधी नीट मांडतो. शत्रूच्या सैनिकावर प्रेम करणं ही फितुरी आहे. घरचे लोक मरत असताना तिने शत्रूच्या पंगतीत ताट मांडलं. तेव्हा समाजाचा संताप न्याय्यच आहे. हा पूर्वपक्ष. मला तो मान्य नाही.

फितुरी म्हणजे काय? किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणं, लपलेल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणं. छायाचित्रातल्या त्या तरुणीवर शेजाऱ्यांची नावं जर्मनांना कळवल्याचा आरोपही होता. तो गंभीर आरोप आहे. त्यासाठी पुरावा, साक्षीदार आणि न्यायालय हवं. पण जमावाने पुरावा पाहिला नाही, वस्तरा काढला. फ्रान्समध्ये सुमारे 20 हजार बायकांची डोकी अशी भादरली गेली. शत्रूशी व्यवहार करून गबर झालेले पुरुषही तिथे होते. चौकात वस्तरा फिरला तो मात्र जवळजवळ सगळा बायकांच्याच डोक्यावर. राग फितुरीचा असता तर तो बाई-पुरुष बघून चालला नसता.

नॉर्वेचं उदाहरण याहून बोलकं आहे. जर्मन सैनिकांशी संबंध ठेवलेल्या तिथल्या बायकांची संख्या 30 ते 50 हजार असल्याचा अंदाज आहे. युद्धानंतर अनेकींच्या नोकऱ्या गेल्या, अनेकींना छावण्यांत डांबलं. ज्यांनी जर्मनांशी लग्न केलं त्यांचं नागरिकत्व काढून त्यांना देशाबाहेर घालवलं. उलट, जर्मन बायकांशी लग्न केलेले 28 नॉर्वेजियन पुरुष होते. त्यांच्यातल्या एकाचंही नागरिकत्व गेलं नाही. गुन्हा एकच, शिक्षा मात्र फक्त बाईला.

फार लांब जायला नको. 1928 साली आमच्या इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. ती शत्रुपक्षाची नव्हती, पण जात, धर्म, वर्ण सगळंच आड येत होतं. वादळ उठलं, तरी वाट निघाली. शुद्धी झाली, धनगर समाजात तिला दत्तक घेतलं गेलं, ती शर्मिष्ठादेवी झाली. ते योग्यच झालं. माझा प्रश्न एवढाच : पुरुषाने परकी बायको आणली तर आपल्याला विधी सापडतो, मग बाईने परका पुरुष निवडला तर वस्तराच का सापडावा?

आता दुसरी बाजूही खोडून काढायला हवी. ‘‘प्रेमाला सरहद्द नसते,’’ असं म्हणून काहीजण या सगळ्यावर गुलाबी पडदा टाकतात. तेही खोटं आहे. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर महूला इंग्रजांची छावणी बसली. 1864 च्या कायद्याने हिंदुस्थानभरच्या छावण्यांत गोऱ्या सैनिकांसाठी ठेवलेल्या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. 1886 साली तर पलटणींच्या बाजारात पुरेशा आणि देखण्या बायका असाव्यात, असं परिपत्रक लष्कराच्या मुख्यालयातून निघालं. त्याआधी सुमारे पावणेचारशे वर्षं, 1510 साली गोवा जिंकल्यावर पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आपल्या सैनिकांची तिथल्या बायकांशी लग्नं लावली, कारण त्याला तिथे वसाहत रुजवायची होती. ज्याच्या एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात बंदूक, त्याला बाई ‘हो’ म्हणाली तर त्या ‘हो’त भूक किती, भीती किती आणि माया किती, हे बाहेरून कुणी मोजायचं?

माया नसतेच, असं मी म्हणत नाही. असते, आणि तशी ती जडली तर तो गुन्हा नव्हे. म्हणूनच माझं म्हणणं असं : हेरगिरी केली असेल तर खटला भरा, मग ती बाई असो की पुरुष. बळजबरी झाली असेल तर जाब बंदूकवाल्याला विचारा. आणि यातलं काहीच नसेल तर तिच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. बाईचं शरीर म्हणजे देशाची सरहद्द नव्हे, की शत्रूने ओलांडली म्हणून तिथे सूड उगवावा.

उरतं ते कुशीतलं मूल. त्याला ‘शत्रूचं बीज’ म्हणणाऱ्यांना उत्तर आपल्याच मराठी मातीत आहे. 1863 साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसलेल्या विधवांनी यावं, सुखरूप बाळंत व्हावं. बापाचं नाव तिथे कुणी विचारलं नाही. त्यांतल्याच काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीने रोग्यांसाठी उभा राहिला. समाज ज्याला कलंक म्हणत होता, त्यानेच समाजाची शुश्रूषा केली.

नॉर्वेच्या तत्कालीन पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी त्या बायकांची माफी मागितली ती 17 ऑक्टोबर 2018 रोजी. युद्ध संपून 73 वर्षं झाली होती; ती माफी ऐकायला त्यांतल्या फार थोड्या उरल्या होत्या. याच्या कितीतरी आधी, 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईचे न्हावी एकत्र आले आणि विधवांचं केशवपन यापुढे करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेली माणसं होती ती. कुठल्या सरकारने सांगण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. बाईच्या डोक्यावर फिरणारा वस्तरा आपल्या हातात आहे, तेव्हा तो थांबवणंही आपल्याच हातात आहे, एवढं त्यांना कळलं होतं. काका, ते छायाचित्र पुन्हा बघा आणि सांगा, आपण जमावात उभं राहायचं की त्या न्हाव्यांच्या शेजारी?